जुन्या चौकटीचे पॅनल

मनीरामला भित्रा म्हणणं तसं अन्यायाचं होईल. चिचगडच्या रानात मोहफुलं वेचताना अस्वल समोर आलं, तर हा माणूस टोपली खाली ठेवत नाही. तिथंच उभा राहून शिव्या घालतो, आणि शेवटी अस्वलच कंटाळून निघून जातं. पण खाकी शर्ट दिसला की संपलं. साधा पोस्टमन दारात आला तरी मनीराम परसात जातो आणि मंगलीला, म्हणजे बायकोला, पुढे करतो.

तो सात वर्षांचा असताना नांगराच्या लाकडासाठी वनखात्याच्या माणसांनी त्याच्या बापाला चौकशीला नेलं होतं. तिसऱ्या दिवशी सोडलं. कोणी बोटसुद्धा लावलं नाही, असं बाप स्वतःच सांगायचा. तरी पुढची तीस वर्षं दारापुढे गाडी थांबली की बाप मागच्या दाराने निघून जायचा. बापाकडून मनीरामला दोन गोष्टी मिळाल्या, सुतारकी आणि भीती. सुतारकी त्याने मेहनतीने वाढवली. भीती आपोआप वाढली.

अशा माणसाने सागाच्या कामात पडूच नये. पण गोंदियाजवळच्या मुर्रीच्या उमेंद्रने आजोबांच्या राइसमिलवरची साठ वर्षांपूर्वीची पिकअप नीट करायला काढली होती. इंजिन झालं, रंग झाला, राहिलं ते आतलं. दारांचे पॅनल उंदरांनी खाल्ले होते, डॅशबोर्डचा पुठ्ठा फुगून वर आला होता. रेग्झिन लावून देणारे गोंदियात चिक्कार आहेत. उमेंद्रला मात्र आतून साग हवा होता, आणि तोही जुना, कारण जुना साग पावसाळ्यात पिळत नाही.

मनीरामकडे असा साग होता. घरकुल मंजूर झालं तेव्हा त्याने मातीचं घर पाडलं, आणि दाराची चौकट आणि एक लांब तुळई परसात ठेवली होती. आजोबांच्या काळचं लाकूड, चुलीच्या धुराने काळंकुट्ट झालेलं. आपल्याच घराचं लाकूड, त्यात भ्यायचं काय, असं तो मंगलीला म्हणाला. म्हणताना आवाज मात्र खाली आला होता.

मुर्रीला जाऊन त्याने पुठ्ठ्याचे फर्मे कापले. डाव्या दाराचा फर्मा उलटा करून उजव्याला लावला, तर खालच्या कोपऱ्यात तीन सूत कमी. म्हातारपणी माणसाचा एक खांदा उतरतो तसं गाडीचं उजवं दार उतरलं होतं. मग दोन्ही दारांचे वेगळे फर्मे केले, काच फिरवायच्या दांड्याची आणि कडीची भोकं आखली, आणि घरी येऊन लाकूड चिरायला घेतलं. बोटाएवढ्या जाडीच्या फळ्या काढल्या, जोडल्या, आणि दोन्ही बाजूंनी रंदा मारला.

"मागची बाजू कोणाले दिसते जी?" मंगलीने विचारलं.

"मले दिसते ना," मनीराम म्हणाला.

खिळ्यांची जुनी भोकं त्याने सागाच्याच खुंट्या ठोकून अशी बुजवली की दुसऱ्या दिवशी त्याची त्यालाच सापडेनात. वरून लाखेचं पॉलिश. धुराचा एक डाग शिल्लक राहिला नाही. इतकं चांगलं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते पाहून त्याला खरोखर आनंद झाला.

आता एक कागद तेवढा हवा होता, लाकूड जुन्या घराचं आहे असा. तो वनखात्याच्या ऑफिसात मिळतो, हे सरपंचांनी सांगितलं होतं. त्यासाठी मनीराम दोनदा देवरीला गेला. दोन्ही वेळा फाटकापर्यंत पोचला, आतला खाकी शर्ट पाहिला, समोरच्या टपरीवर चहा प्यायला आणि परत आला. घरी सांगितलं, साहेब नव्हते.

शुक्रवारी सकाळी त्याने पॅनल गोधडीत गुंडाळून एक्सएल मोपेडवर बांधले.

"कागद नाही तं जाता काऊन?" मंगली म्हणाली.

"रविवारी उमेंद्रले गाडी नागपूरले न्याची हाय. म्या जबान देल्ली हाय." मग इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, "अंगणात काही दिसू देऊ नोको. कोणी विचारलं तं सांग, आपल्या घरी सागाचं काम झालंच नाही."

रस्ताभर त्याचा जीव मुठीत होता. मागून जीप आली की तो गाडी कडेला घ्यायचा, आणि जीप पुढे गेली की आपण कडेला का घेतली म्हणून पुन्हा घाबरायचा. पकडलं तर पॅनल जप्त, वर केस, आणि बापासारखं त्या ऑफिसात जाऊन बसायचं. आत तीन दिवस काय झालं, हे बापाने कधी सांगितलं नव्हतं. काहीच झालं नसेल कदाचित. मनीरामला त्या 'काहीच'ची जास्त भीती वाटायची.

वळणावर वनखात्याचा नाका होता. रोज उघडा असणारा बांबू आज आडवा होता. मागे फिरावं तर नाक्यावरच्या माणसाने पाहिलं होतं. तो पुढे गेला. वनरक्षक तरणाबांड होता, छातीवरच्या पट्टीवर दुर्गेश असं नाव.

"काका, काय हाय त्याच्यात?"

"गोधडी."

"गोधडी तं दिसूनच राहिली. आतमंदी?"

दुर्गेशने स्वतःच गाठ सोडली. दाराचं पॅनल बाहेर काढलं, उन्हात धरलं, उलटं करून मागूनही पाहिलं.

"वा, क्या काम है! सागच ना?"

"जुना हाय साहेब. घराचा. चौकटीचा."

"जुना? धूर नाही, खिळा नाही, भोक नाही. हा तं काल कापल्यासारखा दिसून राहिला. कागद?"

मनीरामने रिकामा खिसा चाचपला. दुर्गेश काही वाईट माणूस नव्हता. त्याने मनीरामला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"घाबरू नोका. घर पाडलं तं उरलेलं लाकूड असन ना घरी? काळं, खिळ्याचं? कोणाले तरी आणाले सांगा. मी याच्या बाजूले लावून पाहतो. रेषा जुळल्या तं साहेबाशी मीच बोलतो."

मनीरामच्या अंगात जीव आला. अर्धी तुळई होती की! चौकटीचा बिजागरीवाला तुकडा होता! इतकं सोपं होतं तर तो फाटकातून दोनदा परत कशाला आला? स्वतःचं त्याला हसूच आलं. घाईत त्याला घरचा नंबर सापडेना, म्हणून दुर्गेशने फोन लावून दिला आणि स्पीकर सुरू करून बाकावर ठेवला.

"मंगले, परसातली अर्धी तुळई न् चौकटीचा तुकडा शेजारच्या रोशनच्या गाडीवर टाक. नाक्यावर पाठव. आत्ता."

मग मंगलीचा दबका आवाज.

"अजी, कोणी ऐकून राहिलं काय?"

दुर्गेशने मान वर केली.

"बोल ना!" मनीराम ओरडला.

"ते तं म्या जाळलं. तुमी गेल्याबरोबर. तुमीच म्हटलं ना, काही दिसू देऊ नोको? भुसा, तुकडे, तुळई, सप्पा. राखबी नाल्यात टाकून आली." मग तिने त्याला धीर दिला. "काहीच नाही राहिलं जी. भेऊ नोका."

दुर्गेशने फोन बंद केला. सगळे पॅनल उचलून तो आतल्या खोलीकडे निघाला.

"साहेब, पॉलिश अजून कच्चं हाय," मनीराम म्हणाला. "एकावर एक नोका ठेवू."

दुर्गेशने ते भिंतीला उभे लावले. बाहेर येऊन टेबलावर कागद घेतला. आता तो 'काका' म्हणाला नाही.

"चोरीचं नव्हतं, तं जाळलं काऊन?"

मनीरामला सगळं सांगायचं होतं. बाप, मागचं दार, फाटक, टपरीवरचा चहा. पण समोर खाकी शर्ट होता आणि हातात पेन होतं.

"भेव लागला, साहेब," तो म्हणाला.

दुर्गेशने मान हलवली आणि लिहिलं. मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं: सोबत कागद नाही. आधी गोधडी असल्याचे सांगितले. उरलेले लाकूड पकडले जाण्याच्या भीतीने घरी जाळून टाकले.

"यात काही खोटं हाय काय?" त्याने विचारलं.

मनीरामने एकेक वाक्य मनात तपासलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्याने सही केली.