जिवंत बाईची फ्रेम

शेजारचे भाऊराव गिरणीत साड्यांच्या काठांची नक्षी काढायचे. संपात गिरणी गेली, हात तेवढा राहिला. एका दुपारी त्यांनी उंबऱ्यावर बसलेल्या वनमालाचं चित्र काढलं. पेन्सिलीच्या रेघा, वर नातीचे मेणखडू. पदर म्हणजे चार जांभळे फराटे. उजव्या हाताला बोटंच नाहीत. पण मान अशी वळलेली, की चारकोपच्या दीड खोलीतली ही बाई कुणा मोठ्या बंगल्याची मालकीण वाटावी.

तिचा नवरा जयवंत बावीस वर्षांत बायकोला सुंदर म्हणाला नव्हता. तसा प्रसंगच आला नाही, असं त्याचं म्हणणं. चित्र बघून मात्र तो फ्रेम करायला निघाला.

"भिंतीवर? मला?" वनमाला म्हणाली. "तिथं देव असतात, नाहीतर गेलेली माणसं. मी कशात बसते?"

"आधी नीट बघ तरी."

"बघितलं. भाऊरावांना बोटं काढायचा कंटाळा आला."

तिनं एकदा तरी स्वतःला जयवंतच्या नजरेनं बघावं, एवढंच त्याला हवं होतं. तो गेलाच.

"मिसेस का?" फ्रेमवाल्यानं विचारलं. जयवंत "हो" म्हणाला, तेही जरा भरल्या गळ्यानं. फ्रेमवाल्यानं रीतीप्रमाणे चंदनाचा हार घालून, वर पेपर गुंडाळून दिला.

पेपर वाटेतच फाटला, आणि हार घातलेली वनमाला जिन्यात सगळ्यांना दिसली. खालच्या मजल्यावरची लता आठ दिवस माहेरी होती, त्यामुळे तिचा लगेच विश्वास बसला. ती रडत जयवंतच्या मागोमाग वर आली.

"भावजी, तार तरी करायचीत हो!"

दार वनमालानं उघडलं. हातात कोथिंबीर. लता किंचाळली, मग तिच्या गळ्यातच पडली.

चहा झाला. हार काढून ठेवला गेला. लता चित्राकडे बघत म्हणाली, "खरं सांगू? हार मागाहून दिसला गं. आधी चेहरा दिसला. वाटलं, इतकी देखणी बाई शेजारी होती, आणि आपण तिच्याशी फक्त नळावरून भांडलो."

लता गेल्यावर वनमाला चित्रासमोर उभी राहिली.

"मान अशी असते माझी?"

"असते."

"कधीपासून?"

"लग्नातही होती."

"मग बोलला नाहीत ते?"

जयवंत खिळा शोधायला लागला.

"सासूबाईंच्या रांगेत नको," ती म्हणाली. "खिडकीजवळ लावा. उजेडात."