गॅस कुठं जातो

दाढीच्या ब्रशावर साबणाचा फेस उचलून नागसेननं तो पाइपच्या जोडावर अलगद थापला आणि श्वास रोखून बघत राहिला. बुडबुडा आला नाही. त्यानं पुढच्या जोडाला फेस लावला. तिथंही काही नाही. अर्धा तास तो बॉनेटखाली डोकं घालून हेच करत होता. कॉम्प्रेसरचे जोड झाले, पुढच्या जाळीचे झाले. फेस तेवढा वाळून पांढरा पडत होता.

"सापडलं काय?" पायरीवरनं शिवानीनं विचारलं.

"न्हाई अजून."

"परत एकदा गॅस भरून बघायचा का?"

नागसेननं डोकं बाहेर काढलं. "तीनदा भरला की. ते गॅरेजवालं आपलं एकच म्हणतंय, गॅस संपलाय. आता गॅस काय पेट्रोल हाय, जळून संपायला? गेला, तर कुठनं तरी गेला. कुठनं, ते बघायचं कष्ट कुणाला नगोत."

कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात तो यंत्रांची मीटरं आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा. गळती शोधणं हे त्याचं रोजचं काम होतं, पण ते वाफेचं आणि रसाचं. वाफ दिसते, रस ओघळतो. हा गॅस ना दिसत होता, ना त्याला वास होता.

जुनी पांढरी गाडी त्यानं दिवाळीनंतर घेतली, ती केवळ तिच्यात एसी होता म्हणून. कॉलनीतल्या लोकांना ते थाटाचं वाटलं होतं. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात गारगोटीच्या हायस्कुलात आठवीच्या वर्गात शिकवता शिकवता शिवानीचे पाय एकाएकी लाकडासारखे झाले होते आणि फळ्यावरची अक्षरं तिलाच दोन-दोन दिसू लागली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या करून सांगितलं, की नसांवरचं आवरण झिजतंय. वायरीवरचं रबर झिजावं तसं. औषध चालू ठेवायचं. उन्हानं अंग तापलं की त्रास उसळेल, गार झालं की उतरेल. तेव्हा उन्हापासून जपा.

नागसेननं जपलं. इतकं जपलं, की पाण्याची कळशीसुद्धा तिला उचलू दिली नाही. शाळेच्या रजेच्या अर्जात त्यानंच तिच्याकडनं 'अशक्तपणा' असा शब्द घालून घेतला. आजाराचं नाव निघालं की लोक आधी कीव करतात आणि मग जागा दुसऱ्याला देतात, असं त्याचं मत होतं. आता मार्च लागला होता, रजा संपत आली होती आणि एसटीनं दीड तास तापत गारगोटी गाठणं तिला शक्य नव्हतं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची, एवढंच उरलं होतं.

"ऊन चढाय लागलंय. तू आत जा," तो म्हणाला.

शिवानी उठली, पण आत गेली नाही. एका हातानं भिंत धरत ती गाडीच्या डाव्या अंगाला आली आणि खाली वाकून फरशीकडं बघू लागली.

"हा डाग कशाचा हो?"

"इंजिनचं ऑइल असंल."

"इंजिन पुढं आहे. हा तर माणूस पाय ठेवतो त्याच्या खाली आलाय."

नागसेन हातातला ब्रश तसाच धरून तिच्याजवळ आला. शहाबादी फरशीवर बशीएवढा पिवळट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटून बसली होती.

"मी रोज इथं बसते ना, तेव्हा बघते," ती म्हणाली. "गॅस भरून आणला की चार दिवस एसी चालतो. तेव्हा बरोबर इथंच पाणी ठिबकतं. पण पाणी वाळून जायला पाहिजे. डाग मागं राहतोय, म्हणजे पाण्यात काहीतरी मिसळलंय."

त्यानं उताणं पडून गाडीखाली हात घातला. पाणी बाहेर सोडणारी बोटभर रबरी नळी चाचपली आणि करंगळी आत फिरवून बाहेर काढली. करंगळी तेलकट झाली होती. तो तसाच पडून राहिला. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर सगळ्या पाइपांतनं फिरतं. जिथनं गॅस निसटतो, तिथंच तेलही पाझरतं. म्हणजे भोक बॉनेटखाली नव्हतंच. ते आत होतं, डॅशबोर्डाच्या पोटात, हवा गार करणाऱ्या कॉइलला. तिथं साबणाचा ब्रश पोचणार कसा?

"शिवानी," तो गाडीखालूनच म्हणाला, "गॅरेजवाल्यापेक्षा तू बरी की गं."

"आठवीला शिकवते मी. निरीक्षण, मग अनुमान." कित्येक महिन्यांनी ती हसली.

शनिवारी सकाळी त्यांनी डॅशबोर्ड उघडायला घेतला. फ्रिज दुरुस्त करणारा त्याचा मित्र कृष्णात आदल्या दिवशी सामान ठेवून गेला होता: दाब मोजायची दोन घड्याळं, गॅसची टाकी आणि जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून त्यानं स्वतःच बनवलेला हवा ओढायचा पंप. "लावायचं कसं ते सांगितलंय. आडलं तर हाक मार," एवढं बोलून तो गेला होता. नवी कॉइल उद्यमनगरातनं आणली होती.

"तू सांग कुठं काय ठेवू ते. उठू नकोस," नागसेन म्हणाला.

"का उठू नको?"

"त्रास व्हईल तुला."

"बसून राहायचाच त्रास होतोय मला." आवाज चढला नव्हता, पण तिनं त्याच्यावरनं नजर हटवली नाही. "वर्षभर पाहुणीसारखी राहते मी या घरात. मला नुसतं धरून ठेवलंय तुम्ही."

नागसेननं पान्ह्याला लागलेलं तेल फडक्यानं पुसलं, मग परत पुसलं. मग उजेडाची बॅटरी उचलून तिच्या हातात दिली.

ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आडवी बसून उजेड दाखवू लागली. निघालेला प्रत्येक स्क्रू तिनं वहीच्या कागदावर ठेवला, भोवती गोल काढला आणि आकडा घातला. नागसेनचे जाड हात कॉइलच्या मागच्या नटापर्यंत जाईनात, तेव्हा तिनं बॅटरी त्याच्याकडं दिली आणि आपली बोटं आत सरकवली. नट घट्ट होता. तिच्या मनगटावरची शीर ताठली. नागसेनच्या तोंडावर 'राहू दे' आलं होतं. ते त्यानं गिळलं. थोड्या वेळानं नट टक्कन फिरला.

जुनी कॉइल बाहेर आली, तेव्हा तिचा एक कोपरा तेलानं काळा झालेला होता.

नवी बसवली, जोडांत नव्या रबरी चकत्या घातल्या. पंपानं आतली सगळी हवा ओढून घेतली आणि पंप बंद करून दोघं दाबाच्या घड्याळाच्या काट्याकडं बघत बसले. काटा हलला तर कुठंतरी अजून भोक आहे. तासभर बसले. काटा जागचा हलला नाही.

"आता भरा," शिवानी म्हणाली.

गॅस आत गेला. इंजिन चालू केल्यावर कॉम्प्रेसरचा टक् असा आवाज झाला आणि या वेळी तो लगेच बंद पडला नाही. शिवानीनं प्रयोगशाळेचा थर्मामीटर झरोक्यासमोर धरला आणि ती मोठ्यानं वाचू लागली, "एकतीस... सव्वीस... एकोणीस..." तिचा वर्गातला आवाज नागसेन विसरूनच गेला होता. नवावर पारा थांबला. तिनं काच वर केली, डोळे मिटले आणि दोन्ही पायांची बोटं हलवून बघितली.

सोमवारी रात्रपाळी संपवून नागसेन आठला घरी आला. आंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि साडेनऊला गाडी बाहेर काढली. त्याचा बेत पक्का होता. शिवानीला शाळेत सोडायचं, शाळेमागच्या चिंचेखाली गाडीत झोप काढायची, पाचला तिला घेऊन परतायचं आणि बाराला पुन्हा पाळीवर जायचं. रोज.

कळंब्याला थांब्यावर शिवानीच्या शाळेतल्या राजनंदिनी देसाई उभ्या होत्या. मूळच्या नेसरीच्या, मोठ्या आवाजाच्या बाई. शिवानीनं गाडी थांबवायला लावली.

"अगंबाई, केवढं गार हाय!" मागं बसत त्या म्हणाल्या. "शिवानी, गेला का तुझा अशक्तपणा?"

"व्हय, आता बरं—" नागसेननं सुरुवात केली.

"अशक्तपणा नव्हताच बाई," शिवानी म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. नसांचं, उन्हाचं, दोन-दोन दिसणाऱ्या अक्षरांचं. आजाराचं नावही सांगितलं. नागसेन समोर रस्त्याकडं बघत राहिला. कान तापले होते.

इस्पुर्ली आली, तशा देसाई बाई मागच्या सीटवरनं पुढं वाकल्या.

"म्हंजे गार असलं की चालतीस, फिरतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग त्या पत्र्याच्या खोलीत कशाला मरायचं? मागची दगडी खोली गार हाय. तिथं तुझा वर्ग बसवू. हेडमास्तरांस्नी मी बघते. आधी सांगायचं न्हाईस व्हय गं? आमी काय परकी हाय?"

शिवानी काय बोलली ते नागसेनला नीट ऐकू आलं नाही. गार हवा त्याच्या तोंडावर, मानेवर, शर्टाच्या आत शिरत होती. मुदाळ तिट्टा मागं पडला. पुढचा रस्ता सरळ होता, कडेच्या उसाची हिरवी रेघ नुसती सरकत होती...

"अहो!"

डावी चाकं रस्ता सोडून खडीवर उतरली होती. त्यानं ब्रेक दाबला. धूळ उडून पुढं गेली. गाडी उसाच्या कडेला थांबली होती आणि शिवानीचा हात त्याच्या हाताबरोबर स्टिअरिंगवर होता.



"भावजी, रात्रपाळी करून आलाय न्हवं?" देसाई बाई म्हणाल्या.

"डोळा लागला... गारव्यानं."

"उतरा खाली. मी चालवते. माहेरी ट्रॅक्टर चालवलाय, जीप चालवलीया. लायसन हाय पर्समदी."

"न्हाई, मला आता—"

"उतरा," शिवानी म्हणाली.

तो मागच्या सीटवर जाऊन बसला. गारगोटी येईपर्यंत ताठ बसला होता. प्रत्येक गिअरला त्याचा पाय आपोआप हलत होता. पुढं दोघी वार्षिक परीक्षेच्या पेपरांबद्दल बोलत होत्या.

शाळेच्या फाटकाशी तो चावीसाठी हात पुढं करून उभा राहिला. देसाई बाईंनी चावी पर्समध्ये टाकली.

"आमी निघतो पाचला. मी कळंब्यालाच राहते, हिला बावड्यात सोडून जाईन, सकाळी न्यायला येईन. रोजचं जमतंय. तुम्ही एसटीनं जावा घरी आन् पडा."

त्यानं शिवानीकडं बघितलं. तिनं मान हलवली आणि बाईंच्या मागोमाग ती पटांगण ओलांडू लागली. ऊन होतं, पण दहा-वीस पावलांचंच. पायरीपाशी तिनं कठड्याला हात लावला, वर चढली आणि व्हरांड्यातल्या मुलींच्या घोळक्यात दिसेनाशी झाली.

नागसेन एसटीत खिडकीशी बसला. खिडकीतनं तापलेली झळ येत होती, सीटचा रेक्झिन भाजत होता. तिकीट काढल्यावर मागं पळणारी झाडं मोजावीत तशी त्यानं चार-पाच झाडं पाहिली असतील.

"ओ पावणं! उठा की. कोल्हापूर आलं."

तो दचकून उठला. गाडी रिकामी होती. कंडक्टर त्याचा खांदा हलवत उभा होता.

"मुदाळला आख्खी शाळेची सहल चढली, बोंबलून बोंबलून गाडी डोक्यावर घेतली पोरांनी. तुम्ही काय हलला न्हाईसा. कवापास्नं झोपला न्हवता?"

घामानं नागसेनचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर स्टँडावर दुपार रणरणत होती, आणि गारगोटीत आता पहिला तास कधीच संपला असेल, हे त्याला आत्ता कुठं आठवलं.

"लई दिस झालं," तो म्हणाला आणि चप्पल शोधायला खाली वाकला.