कोणालाही हलवता येणारा दगड

खिळ्याला टांगलेली किल्ली.

एकशे बारा ओळी प्रश्नचिन्हं.

७७७.

सव्वाबाराला गेलेली लाईट पाऊण वाजता आली.

एक आंबा.

आता सरळ. मुरबाडमधल्या एका संस्थेची खोली, साल २००८. सिद्धगडाखालच्या पाड्यांचे वनजमिनीचे दावे दिपिकानं इथल्या संगणकात भरलेत. उद्या सकाळी ग्रामसभेत यादी वाचणार. यादीत नाव नाही त्याचा दावा पुढे जाणार नाही. यादी न्यायला पाड्यावरून सोमी आलीय. तिची जीप चारची.

दिपिकानं यादी काढली. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"यात माझं नाव कंचं गो?"

"कुठलंपण घे, मावशे, सगळी सारखीच," जगन म्हणाला. तो दिपिकाच्या शेजारच्या टेबलावर बसतो.

"तू गप रे. तुझं तोंडपण तसंच दिसतं."

संगणकात ही नावं सांभाळणारा सर्व्हर चालू होताना मराठी अक्षरं कशी द्यायची ते एका सेटिंगच्या फाईलमध्ये वाचतो. दिपिकानं ती उघडली. ओळ जागेवर. सर्व्हर बंद करून चालू केला. प्रश्नचिन्हं. सकाळपर्यंत तर नावं नीट होती.

मग तिनं फाईलमध्ये मुद्दाम लिहिलं: *भेंडीची भाजी*. असलं काही दिसलं की सर्व्हरनं अडून बसायला हवं.

मुकाट चालू झाला.

"वाचतच नाय हा!" ती खुर्चीत पुढे सरकली. यादीपेक्षा आता तिला हेच हवं होतं. समोर आहे, बरोबर जागी आहे, तरी का वाचत नाही?

अडीच वाजले. सोमी दारात बसून तंबाखू मळत होती.

"आमच्या वावराच्या हद्दीला एक दगड हाय. शेजारचा दरसाल हलवतो. भांडून काय करणार? आमी त्यो दगड बघीतच नाय. आंब्यापासून मोजतो."

दिपिकाचा हात थांबला. फाईल कोण कोण हलवू-बदलू शकतं, ते तिनं पाहिलं.

७७७. म्हणजे कोणीही.

"जगनदादा?"

"सोमवारी तू रजेवर. मला फाईल उघडंना. सगळ्यांना मोकळी करून टाकली. खोलीची किल्ली नाय का आपण बाहेर खिळ्याला लावत? कोणाचं अडायला नको."

या वेळी तिनं सर्व्हर मेनूतून न करता हातानं, आज्ञा टाईप करायच्या काळ्या खिडकीत चालू केला. एक ओळ झरकन वर गेली: ही फाईल कोणीही बदलू शकतं, म्हणून दुर्लक्ष. सोमवारपासून तो आधी वाचलेल्यावरच चालत होता. लाईट गेली, आली, नव्यानं वाचायची वेळ आली, आणि त्यानं नाकारलं.

फाईल तिनं फक्त आपल्या हाती ठेवली. सर्व्हर चालू केला.

तो अडून बसला.

"आता काय झालं?" जगन.

"भेंडी सापडली त्याला!" दिपिका टाळी वाजवून हसली. ती ओळ काढली. प्रिंटर कुरकुरला. एकशे बारा नावं. सोमीचं एकोणचाळिसावं, तिनं त्यावर बोट ठेवून घेतलं आणि कागद लुगड्याच्या ओच्यात खोचला.

"किल्ली?" जगननं विचारलं.

दिपिकानं खिळ्याकडे पाहिलं. "ती राहू दे."

सोमी जीपकडे निघाली. चारला दहा कमी होते.

वावर ज्याच्यापासून मोजतात तो आंबा सोमीच्या सासऱ्यानं लावला तेव्हा धरणाच्या कामासाठी वसवलेलं भातसानगरही वसलेलं नव्हतं.