तिसऱ्या डावानंतर

ओरेस्टने हातमोजा दातांनी ओढून काढला, काउंटरवरचा रिमोट उचलला आणि बटणांवरून अंगठा फिरवला. बटणं मसुराएवढी होती. आयुष्यभर शेतात मसूर पिकवलेल्या माणसाला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण ओरेस्टने तोंड वाकडं करून रिमोट परत ठेवला.

"याहून मोठी बटणं नाहीत?"

"मोठी म्हणजे केवढी?" लायलने विचारलं. कॅनोरा गावाच्या हमरस्त्यावर लायलचं दुकान होतं. पुढच्या भागात साखळी-करवती आणि बर्फ उडवायची यंत्रं, मागच्या भिंतीशी टीव्ही आणि डिशचं सामान. पंचक्रोशीत ज्या घरांच्या छपरावर डिश होती, ती बहुतेक त्यानेच बसवलेली.

ओरेस्टने मागे वळून पाहिलं. त्याची बायको स्लावा टीव्हीच्या रांगेपाशी उभी राहून एका खोक्यावरचा मजकूर ओठ हलवत वाचत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो काउंटरवर वाकला.

"ज्याला फार काही लक्षात ठेवता येत नाही, त्यालाही जमेल असं काही दे. आणि एकदा बघितलेली मॅच परत दाखवणारच नाही, असं रेकॉर्डरमध्ये काही असतं का?"

"परत दाखवणार नाही?" लायलने डोकं खाजवलं. "लोक तर परत बघायलाच रेकॉर्ड करतात ना!"

ओरेस्टने रिमोट उलटा करून पाहिला. खरं कारण सांगायची त्याची हिंमत नव्हती. नाताळाएवढा मोठा आनंद असो की घरातली आग, ते चार लोकांत बोलायचं नाही अशा घरात तो वाढला होता. आणि हे तर त्याने स्वतःशीसुद्धा धड उच्चारलं नव्हतं. त्याची स्लावा विसरायला लागली होती.

नोव्हेंबरात त्याला पहिल्यांदा ते कळलं. शेतं बर्फाखाली गेली की त्या दोघांना एकच उद्योग, टीव्हीवर कर्लिंग बघणं. ओरेस्टने गावच्या रिंकवर वर्षानुवर्षं बर्फ तयार केला होता. चकचकीत बर्फावरून दगड सरकवायचा आणि पुढे झाडू मारत पळायचं, या खेळाला हसणाऱ्या माणसाशी तो एक शब्दही बोलत नसे. तर नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी दोघांनी एक मॅच बघितली. दुसऱ्या दिवशी स्लावाने शांतपणे तीच मॅच पहिल्यापासून लावली आणि पाय शालीत गुंडाळून त्याच्याकडे बघत विचारलं, "कोण जिंकेल रे?"

स्लावाची थोरली बहीण स्टेफ्का, जी आता यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असते आणि ओरेस्टला गाडी दुरुस्त करणारा समजते, तिचंही असंच सुरू झालं होतं. तोच प्रश्न दोनदा, मग चारदा. तिथल्या नर्सने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, चूक दाखवू नका, वाद घालू नका, ती म्हणेल त्याला हो म्हणा. ते ओरेस्टने मनात कोरून ठेवलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी तो नुसता म्हणाला, "बघू या की. मी कुठे बघितलीये!"

तेव्हापासून सगळा हिवाळा असाच चालला होता. एकच मॅच दोनदा, कधी तीनदा. दर वेळी स्लावाचा तोच प्रश्न आणि दर वेळी ओरेस्टचं तेच नाटक. वर ती रेकॉर्डरमधलं काही पुसूही देत नसे. पुसू का म्हटलं की म्हणायची, "राहू दे, अजून बघायचंय." शेवटी रेकॉर्डरची पेटी गच्च भरली आणि व्हायचं तेच झालं. गेल्या रविवारी दोघं स्टेफ्काला भेटायला यॉर्कटनला गेली असताना प्रांताच्या अंतिम सामन्याला पेटीत जागाच उरली नाही. तो सामनाही साधासुधा नव्हता. ओरेस्टच्या बर्फावर पहिला दगड सरकवलेली दार्या त्यात खेळत होती, कप्तान म्हणून.

आज दुपारी तो सामना पुन्हा दाखवणार होते. तोवर निकाल कानावर पडू द्यायचा नव्हता. कोऑपमध्ये, म्हणजे गावच्या सहकारी दुकानात, सकाळी कॉफीला जमणाऱ्यांचा नियम जुना आहे. ज्याने मॅच बघितलेली नाही त्याच्यासमोर निकाल फोडायचा नाही, फोडला तर सगळ्यांची कॉफी आणि दालचिनीचे बन त्याच्या खिशातून. त्यामुळे आठवडाभर अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं. खुद्द दार्या पोस्टाच्या खिडकीत बसायची. ती ओरेस्टला तिकिटं देताना असा चेहरा करायची, जणू तिने जन्मात दगडाला हात लावलेला नाही.

"हे बघा," लायलने दोन खोकी पुढ्यात ओढली. "एक म्हणजे हे मोठं. जुनं मला परत द्या, मी यात सूट देतो. पण जुन्यात जे आहे ते जाईल, यात घालता येत नाही. नाहीतर हे दुसरं घ्या, जुन्याच्या शेजारी ठेवा. दोन पेट्या, दोन रिमोट."

दोन रिमोट! ओरेस्टने दुसरं खोकं लांब सारलं. एका रिमोटची ही अवस्था, दोन म्हणजे तर...

"मोठंच दे," तो घाईने म्हणाला. "जुनं घेऊन जा. एकदाची पाटी कोरी होईल."

"अजिबात नाही." स्लावा कधी काउंटरपाशी आली ते कळलं नव्हतं. "जुनं घरातून हलणार नाही. त्यात मॅच आहेत."

"पण स्लावा, त्या आपण बघितल्यात." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओरेस्टच्या तोंडून ते निसटलं, आणि निसटताच त्याने जीभ चावली.

"मी बघितल्यात," स्लावा म्हणाली. "तू कुठे?"

ओरेस्टने मान खाली घातली. आता हे लायलसमोरही उघडं पडणार. आपल्या बुटांवरच्या बर्फाचं पाणी दुकानाच्या फरशीवर पसरताना तो बघत राहिला.

"लायल, तूच सांग," स्लावा काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "या माणसाचं काय करू? तिसरा डाव आला की हा घोरायला लागतो. आणि घोरणं कसलं, ट्रॅक्टर चिखलात रुतलाय असं वाटावं. खेळाडू शेवटी हात मिळवतात तेव्हा जागा होतो आणि वर मला सांगतो, 'छान खेळले!' मग मी काय करते, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून लावते. शनिवारची तीनदा लावली."

"तीनदा?" लायलला हसू आवरेना.

"तिसऱ्यांदा म्हटलं, आता तरी शेवट बघेल. मी बापडी रोज नवीन असल्यासारखं विचारते, कोण जिंकेल रे? निकाल फोडायचा नाही ना! म्हणून जुनी पेटी याच्यासाठी राहू दे, याला जागं राहून बघायला. दुसरी माझी. मला पुढचं काहीतरी बघायचंय मरायच्या आत."

ओरेस्ट मागे सरकला आणि बर्फ उडवायच्या यंत्राच्या खोक्यावर बसला. खोकं करकरलं.

"मी झोपत नाही," तो म्हणाला. "डोळे मिटून ऐकत असतो."

"ऐका!" स्लावा म्हणाली.

"थांब. शनिवारची मॅच. सातव्या डावात काय झालं?"

"आता परीक्षा घेणार का माझी?"

"सांग ना, स्लावा." त्याचा आवाज असा निघाला की लायलनेही हसणं थांबवलं.

स्लावाने नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग सांगितलं. शेजारच्या मॅनिटोबा प्रांताच्या पोरीने दोन दगड एका फटक्यात उडवले, तिसरा वर्तुळाच्या कडेला अडकला, पंचाला माप घ्यायला बोलवावं लागलं. आठव्यात कुणाच्या झाडूची काठी मोडली. नवव्यात त्या लाल टोपीवाल्या बाईने वेळ संपत आली तरी दगड सोडायला इतका उशीर लावला की प्रेक्षकही गप्प झाले. शेवटच्या दगडाबद्दल ती बोलणार तोच तिने तोंडावर हात ठेवला.

"नाही सांगणार. तू अजून बघितलेला नाहीस."

ओरेस्टने टोपी काढली आणि त्या टोपीनेच चेहरा पुसला, कपाळ, डोळे, सगळं. त्याचा जीव भांड्यात पडला होता. एवढा हिवाळा ते भांडं रिकामंच होतं.

"दुसरी दे, लायल," तो म्हणाला. "दोन पेट्या. दोन रिमोट. बटणं कसली का असेनात."

परतताना ट्रकचा हीटर घरघरत होता आणि नव्या पेटीचं खोकं स्लावाच्या मांडीवर होतं. दोन्ही बाजूंना बर्फाची शेतं, मागे लांबवर, पेटी जोडायला निघालेली लायलची व्हॅन. तिसऱ्या वळणापर्यंत ओरेस्टने कसंबसं धरून ठेवलं, मग ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि सगळं सांगून टाकलं. नोव्हेंबरपासूनचं, स्टेफ्काचं, नर्सचं. सांगताना तो समोरच्या काचेकडेच बघत होता.

स्लावाने खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडली.

"म्हणजे 'मी कुठे बघितलीये' असं तू म्हणायचास ते..."

"तुझं मन राखायला."

"आणि परवा तू सहाव्या डावापर्यंत टक्क जागा होतास. मी मोजत होते. काल तोच सहावा डाव आला, तर म्हणालास, 'अरे वा, हा नवीनच फटका!'"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

स्लावाने खोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मूर्ख माणसा," ती म्हणाली. "काल तू न्हाणीघरात असताना मी यॉर्कटनच्या नर्सला फोन केला. विचारलं, पुरुषांत ते कसं सुरू होतं."

ओरेस्टने वळून तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

"म्हणाली, त्याची चूक दाखवू नका. म्हणेल त्याला हो म्हणा."

हसू आधी कुणाला फुटलं ते सांगता येणार नाही. स्लावा हसता हसता खोक्यावर कपाळ टेकून राहिली आणि ओरेस्टने स्टिअरिंगवर मूठ आपटली तर हॉर्न वाजला. लायलची व्हॅन मागे येऊन थांबली. काच खाली करून त्याने विचारलं, गाडी बंद पडली का? ओरेस्टने हाताने पुढे जा म्हणून खूण केली. त्याला बोलता येत नव्हतं.

लायलने पेटी बसवली, तारा जोडल्या, कांदा-लोण्यात परतलेल्या पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्याच त्या, ताटभर खाल्ल्या आणि सामना सुरू व्हायच्या आत काढता पाय घेतला. निकाल त्यालाही ठाऊक होता. पिरोगी तोंडात असेपर्यंत ठीक होतं, पुढचा भरवसा नव्हता. दुपारचा सामना नव्या पेटीत नीट उतरला आणि अंधार पडल्यावर दोघं सोफ्यावर बसली. दार्याने निळा कोट घातला होता. पहिला दगड सोडताना ती गुडघ्यावर जरा जास्तच झुकली. लहानपणी ओरेस्टने तिला नको नको म्हणून सांगितलं होतं ते तिने अजून सोडलं नव्हतं.

"कोण जिंकेल रे?" स्लावाने विचारलं.

"आता खरंच विचारतेयस ना?"

"आता खरंच."

दुसऱ्या डावात दार्याने एक गुण घेतला. तिसऱ्या डावात ओरेस्टच्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. स्लावाचं डोकं होतं. तोंड किंचित उघडं, शाल घसरलेली. ती किती रात्री नीट झोपली नव्हती ते आता त्याला कळलं. तो झोपल्यावर ती कुशीवर जागी असणार, तो श्वास कसा घेतो ते ऐकत, उद्या याला काय आठवणार नाही ते मोजत. त्याने शाल वर ओढली आणि आवाज कमी केला.

त्या संध्याकाळी ओरेस्ट जागा राहिला. खांदा बधिर झाला तरी हलला नाही. चौथा डाव, पाचवा, पिछाडी, मग बरोबरी. शेवटचा दगड दार्याच्या हातात होता. तो बर्फावरून किती हळू येत होता आणि कुठे वळला ते त्याने डोळे न मिटता पाहिलं, आणि ओरडू नये म्हणून आपल्याच हाताची मूठ तोंडात धरली.

खेळाडू हात मिळवू लागले तशी स्लावा दचकून सरळ बसली. तिने केस सारखे केले, पडद्याकडे एक नजर टाकली. रांगेतल्या त्या निळ्या-लाल गर्दीतून कोण जिंकलं ते कळण्यासारखं नव्हतं.

"छान खेळल्या," ती म्हणाली.

ओरेस्टने मसुराएवढं एक बटण शोधून दाबलं. पडदा काळा झाला.

"मला डुलकी लागली गं," तो म्हणाला. "तिसऱ्या डावानंतरचं काहीच बघितलं नाही. उद्या पहिल्यापासून लावू."

"बघ!" स्लावा खुशीत म्हणाली. "मी लायलला सांगितलं ते खोटं होतं का?"

"नाही बाई."

ती रिमोट हातात घेऊन उठली. "पुसू नकोस हं काही," म्हणाली आणि दिवा मालवायला गेली. ओरेस्ट अंधारात बसून राहिला. उद्या सकाळी कोऑपमध्ये सगळे त्याच्या तोंडाकडे बघणार होते, आणि त्याला अजून एक दिवस काही ठाऊक नसल्याचा चेहरा करायचा होता.