कडक शिक्षा

सुमनच्या वडिलांना गावी, जसोंडीत, झटका आल्याचा निरोप सकाळी दहाला बऱ्हाणपूरच्या कचेरीत आला. सुमन तिथे टायपिस्ट होती. हेडक्लार्क विनायकरावांनी तिचा रजेचा अर्ज वाचला आणि बाजूला सारला. तीस वर्षं नोकरी झालेल्या त्या माणसाला, पोरींनी कचेरीत यावं हेच मुळी पटत नव्हतं. घरची रडगाणी इथे नकोत, टपाल संपल्यावर बघू, असं ते म्हणाले. दुपारी तीनला सुमन न विचारताच उठली. ती गावी पोचली तेव्हा चिता विझत आली होती.

दिवस करून ती परतली, तोवर छप्पन सालचा नोव्हेंबर लागला होता. नवं हिंदीभाषी राज्य झालं होतं, ग्वाल्हेरचे नवे साहेब आले होते, आणि कागदपत्र हिंदीतच करायचे असा हुकूम निघाला होता. विनायकरावांचं इंग्रजी पक्कं होतं, हिंदी मात्र बाजारापुरतं. सुमननं हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, पण तिला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्यांनी तिच्याविरुद्धच तक्रार लिहिली आणि टाइप करायला तिच्याच पुढ्यात टाकली. हिला नियमांची जाण नाही, असं लिहून शेवटी म्हटलं होतं, ‘इन्हें कड़ी शिक्षा दी जाए.’

सुमनची बोटं थांबली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. त्यांना म्हणायचं होतं दंड.

“एक शब्द बघून घेता का?” तिनं विचारलं.

“मला शिकवू नकोस. आहे तसं टाइप कर.”

तिनं तसंच केलं.

साहेबांना वाटलं, मोठे बाबू पोरीला शिकवून तयार करा म्हणताहेत. त्यांनी तिला हिंदी पत्रव्यवहार आणि नियम शिकायला तीन महिने खंडव्याला धाडलं. ती परतल्यावर हुकूम झाला, की बाहेर जाणारा प्रत्येक मसुदा आधी सुमनबाई तपासतील.

विनायकरावांचा पहिला मसुदा तिनं चारदा परत पाठवला. दुसरा पाचदा. लाल शाईनं भरलेले कागद शिपाई सुकलाल सगळ्यांसमोरून नेऊन देई. विनायकरावांनी व्याकरणाचं पुस्तक आणलं. मधल्या सुट्टीत डबा न उघडता ते त्यात डोकं घालून बसत. सुमन ते बघत होती. तिला दया आली नाही.

निवृत्तीला आठवडा उरला असताना ते स्वतः एक मसुदा घेऊन आले. तिनं तो तीनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. तिनं कागद परत केला.

“पुन्हा लिहून आणा.”

“यात चूक कुठेय, सुमनबाई?”

“चूक नाही. त्या दिवशी माझ्या अर्जात तरी कुठे होती?”

विनायकराव जागेवर गेले. त्यांनी नवा कागद घेतला आणि ते पहिल्या ओळीपासून लिहायला लागले. सुमन त्यांचं लिहून होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.