सोडलेली शेव

हे कुणाला पटणार नाही, आणि इंदूरच्या माणसाला तर मुळीच नाही. पण या शहरात दोन सख्ख्या भावांनी एकमेकांसाठी शेव सोडली होती. चहा सोडला म्हणा, संसार सोडला म्हणा, लोक मान डोलावतील. शेव म्हटली की हसतात. इथे तापात पेजेवरसुद्धा शेव भुरभुरतात.

ही बातमी काढली निवेदितानं. आणि आज, नानांच्या वर्षश्राद्धाला, तीच बातमी तिच्या अंगाशी आली होती.

नाना म्हणजे तिचे वडील. नोकरी रेल्वेत कारकुनाची, पण खरं काम लोकांची भांडणं मिटवायचं. सियागंजच्या बाजारात झुंजणाऱ्या दोन सांडांच्या मधोमध ते खुर्ची टाकून बसले, तेव्हापासून ते सांड एकाच हातगाडीवरचा कोबी निम्मा निम्मा खात, असं सांगतात. युक्ती एकच. ह्याला सांगायचं, तो तुझी फार तारीफ करत होता. आणि त्यालाही जाऊन तेच.

घरचं भांडण मात्र नानांना जमलं नाही. आजोबांचा फोटो कुणाच्या गल्ल्यावर लागणार, यावरून नानांच्या धाकट्या भावांनी, विजय आणि शाम यांनी, हार्डवेअरच्या दुकानात मधोमध प्लायवूड ठोकलं. खिळे एकाकडे गेले, हातोडे दुसऱ्याकडे, आणि बोलणं बंद. जाताना नाना निवेदिताला म्हणाले, "त्या दोघांना एका पंगतीत बसव. मला दुसरं काही नको."

तिनं नानांचीच युक्ती काढली. विजयकाकांना म्हणाली, "शामकाकांनी तुमच्यापायी शेव सोडलीय. दादा बोलत नाही तोवर खाणार नाही म्हणतात." विजयकाका बराच वेळ एकच कुलूप पुसत राहिले. मग म्हणाले, "शाम? और शेव?" प्लायवूडच्या पलीकडे जाऊन तिनं शामकाकांना विजयकाकांबद्दल तेच सांगितलं. ते डोळे पुसायला आत गेले.

दोघंही आज आले. आणि तेव्हा निवेदिताला आपली चूक कळली. श्राद्धाच्या पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं पडतंच, आणि नानांच्या आवडीचं एकच होतं. आई सकाळपासून लवंगेची शेव पाडत होती.

"आई, आज शेव राहू दे ना."

"का? नानांना उपाशी पाठवू?" आईनं झाऱ्यानं घाणा उलटला. "चल, सरक. तेल उडेल."

गुरुजी जेवून गेले. मग घरची पंगत बसली. दोन्ही काका शेजारी शेजारी, पण दोघांच्या माना आपापल्या पानात. निवेदिता आमटी वाढत होती ती थोडी पानात, थोडी फरशीवर. एकानं शेव घेतली की दुसऱ्याला कळणार, ह्यानं काही सोडलं-बिडलं नाही. मग दोघं उठणार. श्राद्धाच्या पानावरून माणूस उठला तर पितर दारातूनच परत जातात. म्हणजे नानाच जाणार, तिच्यामुळे.

"आमटी फरशीला वाढतेस का ग?" विजयकाकांनी विचारलं.

"भांडं गरम आहे."

आई शेवेची परात घेऊन आली. निवेदिता आडवी आली. "मी वाढते."

"तू ताकाचं बघ." आई तिला वळसा घालून शामकाकांसमोर वाकली.

शामकाकांनी पानावर हात धरला. "नको वहिनी."

"का रे? नानांची शेव आहे."

"हा खात नाही. मग मी कसा खाऊ?"

विजयकाकांचा घास हातातच राहिला. "कोण खात नाही? अरे, सोडलीयस तर तू."

"मी? मी काल रात्री खिचडीवर खाल्ली."

"मी पण खाल्ली. सराफ्यातल्या खाऊगल्लीत, उभ्या उभ्या."

आई परात धरून तशीच वाकलेली. दोघांच्या माना हळूहळू वळून निवेदितावर आल्या. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, गुडघ्यांकडे बघत होती. शामकाकांचा एक गुडघा हलला. त्यांनी मांडी बदलली, आणि तिच्यावरची नजर न काढता भावाकडे झुकले.

"दादा, ही पोरगी साफ खोटं बोलली आपल्याशी."