पॅरिसची ताटली

माझा नवरा एकार्ट पहिल्या महायुद्धातल्या चिनीमातीच्या ताटल्या जमवायचा. त्यांच्यावर लोखंडी क्रॉसची पदकं, ओकची पानं, जर्मन सम्राटाचं मिशाळ तोंड! धूळ पुसायचं काम अर्थातच माझं. मला त्यांचा वीट आला होता.

त्यातली एकच मी जपून पुसायची. तिच्यावर आपले जर्मन सैनिक वाजतगाजत पॅरिसमध्ये शिरतायत आणि खाली सोनेरी अक्षरात लिहिलंय, 'पॅरिसप्रवेश, १९१४'. त्या युद्धात पॅरिस कधी हाती लागलंच नाही. जिंकायच्या आधीच कारखान्याने ताटल्या भाजून ठेवल्या. ही रंगवली होती एकार्टच्या आजीने, मिन्नाने. मागे तिची निळी खूण आहे. ती हे हसरे सैनिक रंगवत होती, तेव्हा तिचा नवरा पॅरिसच्या वाटेवर, मार्न नदीकाठी मरून पडला होता. बातमी आली त्या दिवशीही तिला कारखान्यातली पाळी पुरी करावी लागली. पुढे ती जन्मभर पत्र्याच्या ताटलीत जेवली.

युद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा आमच्या संग्राहक मंडळाने नगरभवनात प्रदर्शन भरवलं. अध्यक्ष फोल्कमार ट्योपेल स्वतः घरी येऊन ताटली घेऊन गेला. एकार्टने मिन्नाची हकीकत एका कागदावर लिहून सोबत दिली.

उद्घाटनाला गेलो तर कागद गायब. काचेच्या पेटीत लाल मखमलीवर ताटली, आणि वर पाटी: 'आमच्या अजिंक्य वीरांना मानवंदना'.

"फोल्कमार, माझा कागद कुठाय?"

"अरे, केवढं रडगाणं ते! लोक चार घटका मजेत घालवायला आलेत, त्यांच्या तोंडचा केक कडू करायचाय का?"

"अजिंक्य कोण? माझा आजा चिखलात कुजला!"

"हळू बोल. इथे राजकारण नको."

"आणि ही पाटी काय आहे, भजन?"

"तुझ्या आजीने मजुरी घेतली ना? मग रडायचं काय त्यात?"

एकार्टचा चेहरा पांढरा पडला. त्याने पेटीची किल्ली मागितली. ट्योपेलने खिसा थोपटला आणि म्हणाला, "प्रदर्शन संपल्यावर."

मग मला राहवलं नाही. टेबलावर भाषणाआधी वाजवायची पितळी घंटा होती. ती उचलली आणि काचेवर घातली. काच खळकन फुटली. मी ताटली काढून एकार्टच्या हातात दिली.

"गेर्लिंडे, तुझ्या हातातून रक्त येतंय!"

"येऊ दे. चल."

मागून ट्योपेल ओरडला, "वेडी बाई! पोलीस बोलावतो!"

मी वळले. "बोलाव की! त्यांना तो कागद वाचून दाखव. मोठ्याने वाच."

पोलिसांनी जबाब घेतला, आम्ही काचेचं नुकसान भरून दिलं. मंडळाने एकार्टचं नाव काढून टाकलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, पण मजुरीबद्दलचं ते वाक्य तो कित्येक महिने मनात चघळत राहिला. जेवताना मधेच थांबून म्हणायचा, "तिच्या पदरात दोन पोरं होती, फोल्कमार." जसा काही तो समोरच बसलाय.

शेवटी आमच्या पाद्रीणबाईंनी चर्चमध्ये जागा दिली. युद्धात मेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडाखाली आता ताटली आहे, शेजारी मिन्नाची हकीकत. लोक वाचतात. कुणी मान खाली घालतं, कुणी पुटपुटत निघून जातं. ट्योपेल रस्त्यात भेटला की हॅट उचलून हसतो.

मी त्याच्याकडे बघतही नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.